बक्षिसाचे अर्थशास्त्र आणि वेठीचा खेळाडू

कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला सामान्य कामगाराच्या शेकडो पट वेतन कशासाठी, असा प्रश्न विचारला की भांडवलदारांचे पंडित क्रीडांगणाकडे बोट दाखवितात. एडवर्ड लाझीअर व शर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलेला स्पर्धा-सिद्धांत त्यांच्या दिमतीला असतो. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस जितके मोठे, तितके खालचे अधिक झटतात, असा त्याचा आशय. व्यावसायिक गोल्फच्या १९९० सालच्या अभ्यासात मोठ्या बक्षिसाबरोबर खेळ सुधारल्याचे आढळले, हेही खरे. परंतु गोल्फपटू एकटा खेळतो. कारखाना एकट्याने चालत नाही. वेतनातील दरी वाढली की सहकारी एकमेकांना मदत करीत नाहीत, उलट पाय ओढू लागतात, असा इशारा खुद्द लाझीअर यांनीच १९८९ साली दिला होता. तो मात्र सोयीस्करपणे विसरला जातो.

मुळात खेळाडूचे वेतन त्याच्या गुणवत्तेवर ठरते काय? अमेरिकन बेसबॉलचा इतिहास निराळे सांगतो. तेथे ‘राखीव कलमा’मुळे खेळाडू आजन्म एका क्लबाशी बांधलेला असे, मालकाने विकले तर मुकाट्याने जाणे एवढेच त्याच्या हाती होते. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६९ साली याविरुद्ध बंड केले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. सर्वसाधारण खेळाडू क्लबाच्या उत्पन्नात जी निव्वळ भर घालतो, तिचा सुमारे पाचवा हिस्साच त्याच्या पदरात पडतो, असे जेराल्ड स्कली यांनी १९७४ साली हिशेब मांडून दाखविले. म्हणजे अंगी कसब बाणविण्याचे कष्ट खेळाडूचे, आणि त्या ‘मानवी भांडवला’वरील नफा मालकाचा!

मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंच्या संघटनेने झुंज चालू ठेवली. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने या कलमाची पकड मोडली. १९७६ साली सरासरी सुमारे ५१ हजार डॉलर असलेले वार्षिक वेतन १९८० पर्यंत १ लाख ४३ हजारांवर गेले. महागाई वजा जाताही जवळजवळ दुप्पट. चार वर्षांत खेळाडूंचे कौशल्य दुप्पट झाले नव्हते. वाढली होती ती त्यांची सौदाशक्ती.

वेतन हे गुणवत्तेचे मोजमाप आहे, असे सांगणाऱ्यांना कार्यकर्त्यांनी हा इतिहास ऐकवावा. मालकाच्या दारात एकटा उभा राहिलेला गुणवंतही अखेर वेठबिगारच ठरतो. संघटित झाला तरच त्याच्या श्रमाला मोल येते.