कॅश क्लिअर करा म्हणे!

"कॅश क्लिअर करून बघा." कुठल्याही वेबसाइटची तक्रार केली की पहिलं उत्तर हेच. आमच्या धंद्यातली ही तापावरची गोळी आहे. घोडेगावच्या एखाद्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवलं तर तो आधी खिसा चाचपेल. कारण त्याच्या लेखी कॅश म्हणजे नोटा!

गंमत सोडा. पण हे वाक्य त्याला ऐकवायची वेळच का यावी? मला विचाराल तर हे काम साइट बनवणाऱ्याचं, म्हणजे आम्हा इंजिनियर मंडळींचं.

कॅश म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एखादी साइट पहिल्यांदा उघडली की ब्राउझर तिची चित्रं, रंगरूपाच्या फायली, जावास्क्रिप्ट वगैरे आपल्याकडे ठेवून देतो. पुढच्या वेळी तेच परत मागवायला नको. पान पटकन उघडतं, डेटाही वाचतो. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला किंवा भीमाशंकरच्या बाजूला, जिथे रेंज शोधत फिरावं लागतं, तिथे ही सोय म्हणजे वरदानच. तेव्हा कॅश बंद करून टाका, हा काही उपाय नव्हे.

घोळ होतो तो साइट बदलली की. सर्व्हरवर नवा फॉर्म आला, पण ब्राउझरकडे जावास्क्रिप्ट जुनीच. मग बटण दाबलं तरी पान ढिम्म हलत नाही. माणूस म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. आता शेतकऱ्याची बरीचशी कामं स्क्रीनवरच होतात आणि बऱ्याच कामांना शेवटची तारीख असते. वाडीवरून एसटीने आलेल्या बाईला 'उद्या' म्हणजे आणखी एक भाडं आणि आणखी एक बुडालेली मजुरी.

खरं तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं मर्म शिकवायला नको. कांदा तो बराखीत चार-पाच महिने ठेवतो, टोमॅटो मात्र तोडला की नारायणगावच्या मार्केटला. दोन्हीला एकच नियम लावत नाही. वेबचंही तसंच. कुठली फाइल किती दिवस ठेवायची हे सर्व्हरने ब्राउझरला सांगायची सोय १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून आहे. तिचं नाव 'कॅश-कंट्रोल'. लोगो वर्षभर ठेव. जावास्क्रिप्टही ठेव, पण बदल झाला की फाइलचं नावच बदलायचं, म्हणजे ब्राउझर मुकाट नवी आणतो. मूळ पानाला 'नो-कॅश' लावायचं. नाव फसवं आहे हं! त्याचा अर्थ 'ठेवू नको' असा नाही, 'दर वेळी विचारून मगच वापर' असा आहे. आणि ज्या पानावर कुणाचा आधार क्रमांक किंवा उत्पन्न आहे त्याला 'नो-स्टोअर', म्हणजे ठेवूच नको. सेवा केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर गावभरच्या लोकांची कागदपत्रं उघडतात, तिथे हे विसरून कसं चालेल?

सर्व्हर काहीच बोलला नाही तर? ब्राउझर अंदाज बांधतो. रूढ हिशोब दहा टक्क्यांचा. म्हणजे १०० दिवसांपूर्वी बदललेली फाइल तो आणखी १० दिवस ताजी धरू शकतो. आपण गप्प बसायचं आणि दोष द्यायचा शेतकऱ्याच्या मोबाईलला, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, दोन क्लिकचं तर काम आहे! आहे ना. पण त्याच यादीत कुकीजवरही टिक असते. घाईत सगळंच पुसलं की लॉगिन गेलं, पुन्हा ओटीपी, आणि ओटीपीसाठी पुन्हा रेंजचा शोध.

म्हणून सरकारी साइटचं काम ताब्यात घेताना एक साधी चाचणी सक्तीची करावी: काल जुनी साइट उघडलेल्या मोबाईलवर आज नवी साइट चालते का? नवाकोरा लॅपटॉप घेऊन प्रात्यक्षिक दाखवणं सोपं असतं हो.

तोवर अडलंच तर आधी इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे चाललं तर फक्त कॅशवर टिक ठेवून ती पुसा आणि काम उरका. पण तक्रार मात्र जरूर नोंदवा.