शिल्लक आठ

बासष्टावा टर्न चालू होता. माझी ब्लिसी मैदानात होती. तिचा एचपी निम्म्याच्या खाली आला होता, म्हणून सॉफ्टबॉइल्ड दाबायला गेलो. आकडा शून्य होता. समोरच्याकडे तीन पोकेमॉन उरले होते आणि माझ्याकडे पाच. तोवर सामना हातात आहे असंच मी धरून चाललो होतो. पुढच्या चौदा टर्नमध्ये पाचही गेले.

त्या रात्री सामन्याची नोंद पहिल्यापासून तपासली. ब्लिसीला एकही जबर फटका बसलेला नव्हता. सुरुवातीलाच समोरच्यानं नॉक ऑफ मारून तिचे हेवी-ड्यूटी बूट्स काढून घेतले, माझ्या बाजूला स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्सचे दोन थर पेरले आणि मग तिला आत-बाहेर करायला लावलं. बाकीचं काम त्या काट्यांनी केलं.

हिशेब मांडून पाहा. बूट्स नसलेली ब्लिसी प्रत्येक वेळी आत येताना स्टेल्थ रॉकमुळे एक अष्टमांश एचपी गमावते आणि दोन थरांच्या स्पाइक्समुळे आणखी एक षष्ठांश. दोन्ही मिळून २९ टक्के. सॉफ्टबॉइल्ड एका वेळी निम्मा एचपी भरतं आणि सध्याच्या पिढीत ते जास्तीत जास्त ८ वेळा वापरता येतं, म्हणजे एकूण ४०० टक्के. ४००ला २९नं भागलं की उत्तर १४च्याही आत येतं. समोरच्यानं एकही हल्ला केला नाही तरी चौदाव्या प्रवेशापर्यंत तिचं सगळं औषध नुसत्या उंबरठ्यावर संपतं. साठ-सत्तर टर्न चालणाऱ्या सामन्यात चौदा प्रवेश म्हणजे काहीच नाही.

या महिन्याचं संपादकीय आठ या आकड्याबद्दल आहे, कारण बचावाची टीम बांधणारे आपण बहुतेक जण अजून सोळाच्या काळात वावरतो आहोत.

पहिल्या तीन पिढ्यांत रिकव्हरचे मूळ पीपी २० होते. २००६ साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ आले तेव्हा ते १० झाले. नोव्हेंबर २०२२मध्ये ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’नं ते ५वर आणले आणि रूस्ट, सॉफ्टबॉइल्ड, स्लॅक ऑफ, रेस्ट यांनाही त्याच रांगेत बसवलं. पीपी अप पूर्ण दिले तरी ८. बत्तीस, सोळा, आठ असा हा उतार आहे. त्याच पिढीत स्काल्ड बहुतेकांकडून काढून घेतलं गेलं, आणि एके काळी जवळजवळ कुणालाही शिकवता येणारं टॉक्सिक मोजक्यांपुरतं उरलं. या सगळ्यामागे सामने लवकर संपावेत हा हेतू असावा असं मला वाटतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. टीम मात्र या बदलाला धरून बांधली पाहिजे, आणि आपल्याकडे येणाऱ्या टीम तशा नसतात.

गेल्या वर्षभरात वाचकांनी तपासायला पाठवलेल्या बचावाच्या टीम मी एकत्र काढून बसलो. नावं थोडीफार बदलतात, साचा तोच असतो: ब्लिसी, डोंडोझो, कॉर्विनाइट, क्लॉडसायर, टॉक्सापेक्स आणि सहावा कुणीतरी आवडता. प्रत्येक जण एकेकटा भक्कम. पण बरं होण्याचा मार्ग बघा: सॉफ्टबॉइल्ड, रेस्ट, रूस्ट, रिकव्हर, रिकव्हर. पाचही जण त्याच आठाच्या डब्यातून जेवतात. डोंडोझोची गत तर आणखी बिकट. त्याला रेस्टशिवाय मार्ग नाही आणि प्रत्येक रेस्टनंतर दोन टर्नची झोप. त्या दोन टर्नमध्ये मार कोण खाणार, हे टीम बांधतानाच ठरलेलं असायला हवं. बहुतेक टीममध्ये ते ठरलेलं नसतं, आणि मग तो भार आपोआप ब्लिसीवर येतो.

पीपी खर्चून मिळणारं बरं होणं ही मुद्दल आहे. पीपी न खर्चता मिळणारं ते व्याज. स्कार्लेट-व्हायोलेटमधली बचावाची टीम व्याजावर चालली पाहिजे आणि मुद्दल अडीनडीला काढली पाहिजे. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, पण त्यातून टीमची सगळी मांडणी बदलते.

टॉक्सापेक्सचंच घ्या. तिची रीजनरेटर ही क्षमता बाहेर जाताना एक तृतीयांश एचपी परत देते. वर सांगितलेल्या त्याच काट्यांवरून ती आत आली तर २९ टक्के गमावते आणि बाहेर पडताना ३३ टक्के घेऊन जाते. ज्या मैदानावर ब्लिसी चौदा प्रवेशांत कफल्लक होते, त्याच मैदानावर टॉक्सापेक्स दर फेरीला चार टक्के कमावते, आणि तिच्या रिकव्हरला हातही लागत नाही. अर्थात ती समोरच्यासमोर नुसती उभी राहिली, तर हे व्याज साचत नाही. रीजनरेटरवाल्या पोकेमॉनला फिरवत ठेवावं लागतं. आपल्यातले अनेक जण टॉक्सापेक्सला आत आणतात, दोन-तीनदा रिकव्हर दाबतात आणि मगच बाहेर काढतात. हे म्हणजे बँकेत व्याज जमा होत असताना घरातले दागिने मोडण्यासारखं आहे.

दुसरा व्याजाचा धनी ग्लिस्कॉर. २०२३मध्ये ‘टील मास्क’बरोबर तो परतला आणि बचावाच्या टीमची आर्थिक घडीच बसली, असं मी म्हणेन. टॉक्सिक ऑर्बनं त्याला विष चढतं आणि पॉयझन हील त्या विषातून दर टर्नला एक अष्टमांश एचपी देतं. स्पाइक्स त्याला लागत नाहीत, कारण तो उडणारा आहे. स्टेल्थ रॉकचा एक अष्टमांश तो एका टर्नमध्ये भरून काढतो. मध्ये एक प्रोटेक्ट घातलं की तो टर्न जवळपास फुकटात मिळतो. आणि नॉक ऑफ? एकदा विष चढलं की ऑर्ब गेला काय, राहिला काय, विष अंगातच असतं. ज्या मूव्हनं माझ्या ब्लिसीचा सामना संपवला, तिच्यासमोर ग्लिस्कॉर मजेत उभा राहतो. बर्फाच्या एका फटक्याला चौपट नुकसान एवढा एक मोठा दोष आहे, तेवढं सांभाळायचं.

सहांपैकी निदान दोघे व्याजावर जगणारे असावेत, असं माझं मत आहे. तीन असले तर उत्तमच.

आता समोरच्या बाजूचं बोलू. बचावाची टीम बांधायला आपण आवडत्या भिंतीपासून सुरुवात करतो, आणि चूक तिथेच होते. सुरुवात घोल्डेंगोपासून करावी. त्याच्या गुड ॲज गोल्ड या क्षमतेमुळे स्टेटस मूव्ह त्याच्यावर चालत नाहीत, म्हणजे तो समोर असताना आपलं डीफॉग वाया जातं. तो घोस्ट असल्यामुळे रॅपिड स्पिनही त्याला लागत नाही. काटे आपल्या अंगणात एकदा पडले की तो ते उचलू देत नाही, आणि काटे न उचलता येणं म्हणजे काय हे वरच्या हिशेबात दिसलंच आहे. त्यात ब्लिसीचं नेहमीचं हत्यार सायस्मिक टॉस, तेही फायटिंग प्रकारचं. घोस्टवर त्याचा परिणाम शून्य. म्हणजे घोल्डेंगो तिच्यासमोर निवांत नॅस्टी प्लॉट करत बसू शकतो.

याला क्लॉडसायर हे चांगलं उत्तर आहे. अनअवेअर असल्यानं समोरच्यानं वाढवलेली ताकद तो मोजतच नाही, आणि त्याचा अर्थक्वेक घोल्डेंगोला दुप्पट लागतो. फक्त घोल्डेंगोच्या हातात एअर बलून असेल तर तो फुटेपर्यंत अर्थक्वेक हवेत जातो. म्हणून बलून फोडणारा दुसरा कुणीतरी टीममध्ये हवा. आणि मग टेरा. सामन्यात एकदाच, पण कुठल्याही क्षणी समोरचा आपला प्रकार बदलू शकतो, आणि क्लॉडसायरसमोर हरणारा घोल्डेंगो पुढच्या क्षणाला फ्लाइंग होऊन अर्थक्वेकमधून सुटतो. त्यामुळे आता माझी पद्धत अशी आहे: कागदावर धोक्यांची नावं उभी लिहायची आणि प्रत्येकासमोर आपल्याकडची दोन नावं आडवी. पहिलं नेहमीचं उत्तर, दुसरं टेरानंतरचं. ज्या धोक्यासमोर एकच नाव निघतं तो धोका तुम्हाला हरवणार, हे सामन्याआधीच कळतं. रिकाम्या जागा कितीही असोत, सहावा पोकेमॉन त्या कागदावरूनच ठरवायचा. आवडीसाठी तिथे जागा नसते. ही शिस्त मला स्वतःला फार जड गेली आहे. स्कार्मरी आणि ब्लिसी या जोडीनं मी हा खेळ शिकलो. १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये दोघी एकत्रच आल्या, आणि त्या जोडीशिवाय टीम बांधताना आजही हात अडखळतो.

ईव्हीबद्दल थोडक्यात. ब्लिसी स्पेशल हल्ले झेलते म्हणून काही जण तिला स्पेशल डिफेन्समध्ये २५२ देतात. आकडे पाहा. शंभराव्या लेव्हलला त्या २५२नं तिचा स्पेशल डिफेन्स ३०६चा ३६९ होतो, म्हणजे वीसेक टक्के वाढ. तेच २५२ डिफेन्समध्ये टाकून बोल्ड स्वभाव घेतला की डिफेन्स ५६चा १३० होतो, दुपटीहून जास्त. एचपी ७१४पर्यंत जाणाऱ्या पोकेमॉनच्या डिफेन्समधला प्रत्येक गुण त्या अफाट एचपीशी गुणला जातो. सायशॉक स्पेशल असूनही डिफेन्सवर पडतं, त्यालाही मग थोडा आधार मिळतो. भिंत जिथे पातळ असते तिथेच गिलावा द्यायचा असतो.

पीपीची मुद्दल समोरच्याकडेही असते, आणि ती संपवणं हाच अनेकदा आपला विजय असतो. ड्रॅको मिटिऑर, क्लोज कॉम्बॅट, हायड्रो पंप या ज्या मूव्हना आपण घाबरतो, त्या सगळ्यांचे मूळ पीपी ५ आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ८. आपल्या बाजूनं प्रेशर असलेला कॉर्विनाइट मैदानात असेल तर समोरच्याचे प्रत्येक वापराला दोन पीपी जातात. म्हणजे उरल्या चार क्लोज कॉम्बॅट. समोरच्याला टाळता येण्याजोगे चार हल्ले करायला लावले की ते हत्यार बोथट. टॉक्सिक मोजक्यांकडे उरल्यावर समोरच्याला खरंच संपवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आपलेच काटे. स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्सचे तीन थर पडले, तर जमिनीवरचा आणि रॉकला सामान्य असलेला पोकेमॉन प्रत्येक प्रवेशाला साडेसदतीस टक्के गमावतो. त्यात आपल्याकडे व्हर्लविंड किंवा रोर असेल, तर आत कुणी यायचं हे समोरच्याच्या हातात राहत नाही, नशिबानं कुणीही ओढला जातो. ज्या टीमला समोरच्याला संपवण्याचा रस्ताच ठाऊक नाही, तिनं ऐंशी टर्न तग धरला तरी शेवटी क्रिटिकल हिट तिला गाठतो. क्रिटिकल हिट आपण वाढवलेला डिफेन्स जुमानत नाही आणि दर चोवीस फटक्यांत सरासरी एक असतो. लांबलेल्या सामन्यात चोवीस फटके सहज होतात.

बचावाच्या खेळाडूंना मिळणाऱ्या शेऱ्यांबद्दलही लिहायला हवं. ‘भित्रा’, ‘वेळखाऊ’ हे शब्द नव्या खेळाडूंना फार लागतात, हे त्यांच्या पत्रांत दिसतं. इतिहासात एक खरोखरीचा गैरप्रकार होऊन गेला. पाचव्या पिढीत लेप्पा बेरी, रिसायकल आणि हील पल्स घेतलेला स्लोब्रो समोरच्याला हरूही देत नसे आणि सामना संपूही देत नसे. त्यावर खेळाडूंच्या समुदायानंच अंतहीन सामन्यांविरुद्ध नियम केला, आणि तो योग्यच केला. त्या स्लोब्रोत आणि आपल्या खेळात फरक आहे. आपली टीम जिंकायला खेळते, आणि जिंकण्यासाठी समोरच्याचा प्रत्येक स्विच, प्रत्येक मूव्ह आधी वाचावा लागतो. समोरचा चुकला तर हल्ल्याच्या टीमला दुसरी संधी मिळते. बचावाच्या टीमनं एकदा चुकीचा पोकेमॉन आत आणला की तो परत येत नाही. हे धैर्याचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

अधिकृत दुहेरी सामन्यांत सहांतले चारच खेळतात, त्यामुळे तिथे लांबलचक झिजवणं जमत नाही. पण बचाव तिथेही सामना फिरवतो. २०१४ साली वॉशिंग्टन डी.सी.मध्ये दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विश्वविजेता झाला, तेव्हा त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होता. सगळ्यांनी खेळण्यातला समजलेला तो इवलासा पोकेमॉन फॉलो मीनं समोरचे हल्ले स्वतःवर घेत होता आणि शेजारच्याला मोकळं ठेवत होता. दुहेरीबद्दल सविस्तर पुढे कधीतरी लिहू.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पन्नास टर्नच्या वर गेलेल्या तुमच्या कोणत्याही एका सामन्याची नोंद काढा, जिंकलेला असो वा हरलेला. विसावा, चाळिसावा आणि शेवटचा टर्न, अशा तीन ठिकाणी थांबून तुमच्या प्रत्येक पोकेमॉनच्या रिकव्हरीचे किती पीपी उरले होते ते लिहा. शेजारी प्रत्येक जण किती वेळा आत आला तोही आकडा लिहा. माझ्या त्या सामन्याचं पान मीही देतो आहे. ब्लिसी: विसाव्या टर्नला ६, चाळिसाव्याला २, शेवटी ०.