कणकवलीच्या फलाटावरची ओटी

कोणी कोठे आणि कसे लग्न करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यावर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे काही साथींना वाटेल. माझेही मत फारसे निराळे नव्हते. परंतु एका विवाहाच्या निमित्ताने मुंबई ते मडगाव असा दिवसभराचा प्रवास घडला, आणि हा प्रश्न केवळ खाजगी राहिलेला नाही याची त्या एका दिवसाने खात्री पटविली.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कन्येचा विवाह दक्षिण गोव्यातील समुद्रकाठच्या एका हॉटेलात योजिला होता. वधूवर दोघेही मुंबईत नोकरी करणारे, विचाराने आमच्याच गोतावळ्यातले. हुंडा नाही, मानपान नाही, पत्रिका पाहिलेली नाही. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस देऊन, 3 साक्षीदारांच्या सह्यांनिशी त्यांचा विवाह मुंबईत रीतसर झालाही होता. गोव्यात व्हावयाचा तो केवळ आनंदसोहळा. याला हल्ली ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणतात. मित्रमंडळी विमानाने गेली. वराच्या आजींना विमान सोसत नाही म्हणून वधूवर आणि आम्ही काही वडीलधारी मंडळी सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने निघालो.

पनवेल सुटेपर्यंत आमच्या डब्याचे लग्नघर झाले होते. खेडला उतरणाऱ्या एका कुटुंबाने आजींना खिडकीची जागा दिली. चिपळूणकडच्या एका बाईंनी वधूच्या हाताची मेंदी पाहून न मागता दोन ओव्या म्हटल्या. तिकीट असलेल्या कोणालाही त्या आनंदात शिरण्यास मज्जाव नव्हता. शयनयानाच्या मऊ बाकावर रेलून बसलेल्या वराला मी सांगितले की येथे एके काळी नुसत्या लाकडी फळ्या होत्या. 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असताना मधू दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ही गादी मिळवून दिली. त्याला हे ठाऊक नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. सांगावयाचे आम्हीच विसरलो.

हा लोहमार्गही आपोआप आलेला नाही. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून ही मागणी लावून धरली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या 4 राज्यांनी भांडवल घातले, आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. हे सारे कशासाठी? मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य घालविणाऱ्या कोकणी माणसाला गणपतीला, शिमग्याला आणि घरच्या लग्नकार्याला गावी पोहोचता यावे, हीही त्यामागची एक मोठी आस होती.

वधूचे आजोबा अशाच एका गिरणीत होते आणि गाव कणकवलीजवळचे. गाडी कणकवलीला थांबली तेव्हा फलाटावर दहा-बारा माणसे उभी होती. वधूची चुलत आत्या, दोन काका, शेजारच्या वाडीतली मंडळी. हॉटेलातील खोल्यांच्या हिशोबाने पाहुण्यांची यादी 80 वर थांबली होती आणि ही माणसे त्या यादीत बसली नव्हती. आत्याने दारातच वधूची खणानारळाने ओटी भरली, वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा डबा हाती दिला आणि म्हणाली, “दारात मांडव पडलो नाय, म्हणान आमीच हंयसर इलंव.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. तोवर गाडी हललीही. ज्या गाडीने लग्नाला गावी यावयाचे, ती गाडी लग्न घेऊन गावावरून पुढे निघून गेली! मुलगी सावंतवाडीपर्यंत दाराशी उभी होती.

संध्याकाळी हॉटेलच्या फाटकावर यादीतील नावे तपासून प्रत्येकाच्या मनगटाला एकेक पट्टी बांधण्यात आली. मग डब्याची चौकशी झाली. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत, असा नियम. तो सांगणारा पहारेकरी तरुण दूरच्या राज्यातून कंत्राटदारामार्फत आलेला. नियम सांगताना तोच अधिक ओशाळला होता. वधूने वाद घातला नाही. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर तिने डबा उघडला, आजींना, मोटारचालकाला आणि त्या पहारेकऱ्याला वाढले व स्वतः जेवली. दुसऱ्या दिवशीच्या पंचतारांकित भोजनाची चव मला आठवत नाही.

येथे कोणी म्हणेल की हे गावच्या लग्नाचे भाबडे गुणगान आहे. तसे नव्हे. गावच्या मांडवात जातीनुसार पंगती बसत, बायका शेवटी आणि उरलेले जेवत, आणि त्या चार दिवसांच्या थाटासाठी काढलेले कर्ज शेतकरी वर्षानुवर्षे फेडीत असे. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह भटजीवाचून, अल्प खर्चात लावून दाखविला. वधूवर आणि समाज यांच्यामध्ये कोणी दलाल नको, हे त्याचे मर्म होते. आज भटजी गेला किंवा दुय्यम झाला. परंतु त्याच्या पाटावर सोहळ्याचा ठेकेदार येऊन बसला आहे. कोणी केव्हा हसावे, कोणत्या रंगाची वस्त्रे नेसावीत, आत्याच्या हातचे अन्न चालेल की नाही, हे आता तो ठरवितो. पूर्वीच्या पंगतीत जात विचारली जाई. येथे भाडे आणि रजा विचारली जाते. रोजंदारीवरच्या माणसाला तीन दिवसांचा खाडा परवडत नाही, म्हणून त्याला कोणी नाकारण्यापूर्वीच तो वगळला जातो.

या धंद्यामुळे रोजगार मिळतो, हा युक्तिवाद मी हलका लेखीत नाही. 2023 साली पंतप्रधानांनीही धनिकांना विवाह परदेशी न करता देशातच करा असे आवाहन केले, ते याच धर्तीवर. पण पैसा देशात राहिला एवढ्याने प्रश्न मिटत नाही. त्यातला किती त्या पहारेकऱ्याच्या हाती पडतो, त्याची नोकरी हंगामानंतर टिकते काय, हे पाहुण्याने विचारावयास नको काय? आमची मोटार मडगावातून जात होती. 1946 साली डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी मित्राकडे पाहुणे म्हणून गोव्यात आले, आणि यजमानांची गळचेपी पाहून 18 जूनला याच शहरात बंदी मोडून सभेला उभे राहिले. पाहुणा असावा तो असा.

दोष तरुणांवर ढकलून मात्र आपली सुटका नाही. आपण नोंदणी विवाहाचा प्रचार केला. पण कचेरीतील सही, दोन हार आणि चार भाषणे यापलीकडे त्या विवाहाला काही रूप दिले नाही. साधेपणा सांगता सांगता आपण कोरडेपणा वाढून ठेवला. माणसाला आपल्या जीवनातील मोठ्या दिवशी गाणे हवे असते, गर्दी हवी असते, डोळ्यांना सुंदर दिसणारे काही हवे असते. ती भूक आपण अनुल्लेखाने मारली आणि बाजाराने ती ओळखली.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझी विनंती इतकीच. नगरपालिकांची आणि ग्रामपंचायतींची सभागृहे, शाळांची पटांगणे अल्प भाड्यात सर्व जातिधर्मांच्या विवाहांना मिळावीत यासाठी झगडा. वाढपी, आचारी, सफाई कामगार यांना ठरलेले वेतन त्याच दिवशी मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी यजमानाची माना. आणि लग्न ठरविताना खोल्या मोजण्यापूर्वी माणसे मोजा.

परवा त्या मुलीचे पत्र आले. येत्या मे महिन्यात ती आणि तिचा नवरा कणकवलीला जाणार आहेत. आत्याच्या अंगणात मांडव घालून, सगळ्या वाड्यांना एकाच पंगतीत बसवून जेवण करावयाचे आहे. मला बोलावणे आहे. मी मांडवी एक्सप्रेसनेच जाणार, आणि या वेळी कणकवलीला उतरणार.