आधी सिनिअरनी खोली सोडावी!

"काय भावा, नवीन डिस्का बसल्या न्हवं? मग सर्व्हर अजून का रडतोय?" मेसमध्ये रोज कुणीतरी विचारतंच. होस्टेलच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे उत्तर एकदाच लिहून टाकतो.

मित्रांनो, आपला सर्व्हर झेडएफएसवर चालतो. आधी ४ टेराबाइटच्या दोन डिस्कची जोडी होती. दोन्हींवर तीच माहिती, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. ही जोडी ९० टक्के भरली तेव्हा तेवढीच दुसरी जोडी त्याच पूलमध्ये टाकली. सगळ्यांना वाटलं, आता माहिती निम्मी-निम्मी वाटली जाईल. पण झेडएफएस जुनी माहिती जागची हलवत नाही. नवीन लिहिताना मात्र मोकळी जागा बघून लिहितं. जुन्या जोडीवर ०.४ टेराबाइट मोकळे, नव्या जोडीवर ४. म्हणजे ढोबळमानाने ११ भागांतले १० नव्या जोडीवर!

समजा, होस्टेलला नवी विंग बांधली. जुन्या विंगमधले सिनिअर खोली सोडत नाहीत, म्हणून फर्स्ट इयरची सगळी पोरं नव्या विंगमध्ये. सकाळी तिथल्या नळावर ही रांग, आणि जुन्या विंगचे नळ मोकळे! सबमिशनच्या आठवड्यात आपण याच टर्मच्या फाइली उघडतो आणि त्या बहुतेक नव्या जोडीवर असतात. पैसे दोन जोड्यांचे, वेग एकीचाच.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. एवढी माहिती हलवायची तर तोवर सर्व्हर मंदावणारच. सेफसारखी प्रणाली नवी डिस्क मिळताच माहिती आपोआप फिरवते. बीटीआरएफएसमध्ये त्यासाठी बॅलन्सची आज्ञा आहे. आपल्याकडे मात्र फाइल पुन्हा लिहावी लागते: कॉपी करा, तपासा, मग जुनी काढा. आणि जुने स्नॅपशॉट ठेवले असतील तर फाइल काढूनही जागा सुटत नाही.

काही जण म्हणतात, रोजच्या फाइलीच तेवढ्या पुन्हा लिहा. उपयोग शून्य! त्या परत नव्या जोडीवरच जाऊन बसतील. हलवायला हवेत ते वर्षानुवर्षं कुणी न उघडलेले जुने रिपोर्ट. त्यातले निम्म्याच्या आसपास पलीकडे गेले की जुन्या जोडीवर जागा होईल आणि पुढच्या फाइली दोन्हीकडे वाटल्या जातील. थोडक्यात, आधी सिनिअरनी खोली सोडावी!

रेक्टर सरांना आणि लॅबमधल्या सरांना माझी विनंती आहे. हे काम दिवाळीच्या सुट्टीत करू या. पुढच्या वेळी ६०-७० टक्के भरल्यावरच नवी जोडी घेऊ या, ९० ची वाट नको. आणि सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप. कारण कुठल्याही एका जोडीच्या दोन्ही डिस्क गेल्या, तर दुसरी जोडी धडधाकट असूनही सगळा पूल जातो. त्यात फायनल इयरचे प्रोजेक्टही आले. बॅकअपची डिस्क त्याच तळमजल्यावर ठेवूनही भागणार नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा नवीन डिस्कचा खर्च मंजूर करताना दोन रात्रींचं कामही मंजूर करा. जागरण मी करतो, चहा तेवढा मेसनं पाठवावा!