जागा पाहावी आषाढात



‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. मुंबई-ठाण्याला दोन खोल्यांत संसार काढलेल्या पुष्कळजणींच्या मनात एक दुसरं घर असतंच. पुढे पडवी, मागे परसदार, दारात फणस आणि एक बांधीव विहीर. ह्यांची निवृत्ती जवळ आली, फंडाचे पैसे हाती येणार असं दिसू लागलं, की ते घर मनातून कागदावर उतरू लागतं. मग कोणीतरी सांगतं, “महाडकडे बघा ना, वीरला! स्टेशन आहे, हायवे आहे. सकाळी निघालात की दुपारच्या जेवणाला घरी.”

यात खोटं काही नाही. रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे १९९३ साली सुरू झाली आणि महाड-पोलादपूरच्या माणसाला मुंबई जवळ झाली. पण स्टेशन जवळ असणं हा जागेचा एक गुण झाला. बाकीचे गुण-अवगुण मोटारीतून उतरून दहा मिनिटांत दिसत नाहीत. आज त्यांच्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे. कारण दागिना मनासारखा झाला नाही तर मोडता येतो, साडी बदलून घेता येते. जागेचं तसं नाही. आयुष्याची पुंजी तिथे एकदाच पडते.

जागा दोनदा पाहा

जागा दाखवायला नेतात ते बहुधा मार्च ते मे या दिवसांत. रस्ता कोरडा, जमीन खडखडीत, आंब्याला कैऱ्या लागलेल्या. अशा वेळी कोणतीही जागा छानच दिसते. माझं सांगणं असं, की तीच जागा आषाढात पाहिल्याशिवाय विसाराचे पैसे देऊ नका.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पुष्कळ जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीवरून सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचं पाणी महाडच्या परिसरात उतरतं. सावित्रीच्या खालच्या भागात भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं. वरून पूर आणि खालून उधाण अशी गाठ पडली की पाण्याला जायला वाटच उरत नाही. २०२१ च्या जुलैत, गुरुपौर्णिमेच्या तोंडावर, महाड शहरात असंच पाणी चढलं. बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडाले.

दुसरं भय डोंगराचं. २००५ च्या २५-२६ जुलैला दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. यातलं दासगाव तर वीरच्या शेजारचं. पुन्हा २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यातल्या तळीयेत एक वाडीच्या वाडी गाडली गेली. ऐंशीहून अधिक जीव गेले. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसंसुद्धा ज्या डोंगराला फसली, तो आपल्याला एका रविवारात कसा कळणार, एवढंच म्हणायचं आहे.

तेव्हा आषाढात, शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, दोन दिवस मुक्कामाला जा. जागेवर पाणी कुठून येतं आणि कुठून निघून जातं, ते उभं राहून पाहा. वरच्या अंगाला डोंगर असेल तर उतारावर लांबलचक भेगा आहेत का, झाडं एका बाजूला कलली आहेत का, पूर्वी नव्हता तिथे झरा फुटला आहे का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं आहे का, हे गावकऱ्यांना घेऊन बघा. डोंगराचा पाय जेसीबीने कापून सपाट केलेला प्लॉट दिसायला सुरेख असतो, पण पायाच कापला तर वरची माती धरणार कोण? खाचर बुजवून केलेल्या भरावावरही घर बांधू नये. भराव बसत जातो आणि भिंतींना तडे जातात.

आणि हो, विहिरीवर जा. तिथल्या बायकांशी बोला. “दोन हजार पाचला पाणी कुठवर आलं होतं हो? एकवीसला?” असं सरळ विचारा. एजंट सांगणार नाही, विकणाराही सांगेलच असं नाही. पण ज्या बाईने रात्री कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन घर सोडलं, तिला पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलं ते बरोबर आठवतं.

दुसरी फेरी वैशाखाच्या अखेरीस. ज्या तालुक्यात जुलैत पूर येतो, त्याच तालुक्यातल्या कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत विहिरीत किती हात पाणी आहे, नळ एक दिवसाआड येतो की चार, हेही त्याच बायकांना विचारा. या दोन्ही फेऱ्यांत जागा उतरली, तर मग कागदांकडे वळा.

कागद आधी, पैसे मागून

सातबारा आता मोबाईलवरही निघतो, पण तो वाचता आला पाहिजे. चार गोष्टी बघा.

पहिली, भोगवटादार वर्ग. ‘वर्ग १’ असेल तर विकायला सहसा आडकाठी नसते. ‘वर्ग २’ असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार करू नये.

दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा हे तिथेच असतं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक ठरली. कोकणात अशा जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या विक्रीला अटी आहेत. ‘खाजगी वन’ असा शेरा दिसला तर तिथेच थांबा. १९७५ च्या कायद्याने अशी वनं सरकारजमा झालेली आहेत.

तिसरी, नावं. कोकणात पाच गुंठ्यांवर वीस-पंचवीस नावं असणं नवलाचं नाही. निम्मी मुंबईत, काही वारलेली. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय तो व्यवहार पुरा नाही. विकणाऱ्याच्या बहिणी कुठे आहेत, हेही विचारा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९९४ साली केला, २००५ साली तो देशभर झाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. (जाता जाता, हे आपल्या माहेरच्या जमिनीलाही लागू आहे बरं का! भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका.)

चौथी, तुम्ही शेतकरी आहात का? महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. तुमचं किंवा यजमानांचं नाव कुठल्याही सातबाऱ्यावर नसेल तर गावठाणातली किंवा बिगरशेती झालेली जागाच पाहावी. बिगरशेतीचे आणि तुकडेबंदीचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. आजचा नियम महाडच्या तहसील कार्यालयात विचारून घ्या.

मग वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, सरकारी मोजणी आणि जागेपर्यंतच्या रस्त्याचा हक्क. “वाट आहे हो, सगळे इथूनच जातात,” हे बोलणं उद्या शेजाऱ्याशी बिनसलं की संपतं. वाट खरेदीखतात लिहिलेली हवी. पैसे चेकने द्या. नोंदणी झाली म्हणजे संपलं असंही नाही. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा सोडू नका.

घर बांधताना

काम दसरा-दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे मृगाच्या आत छप्पर चढतं. आधी पाण्याची सोय, मग पाया. ताज्या बांधकामावर निदान आठ-दहा दिवस भरपूर पाणी मारावं लागतं. टँकरवर घर बांधणं परवडत नाही.

जोतं पुराच्या जुन्या खुणेच्या वर असू द्या. खूणच इतकी उंच असेल की जोतं तिथवर नेता येत नाही, तर ती जागा आपली नव्हे. वाळू खाडीची असेल तर सावध. तिच्यातल्या मिठाने सळया गंजतात आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडू लागतात. जांभ्या चिऱ्याचा भाव गाडीभाडं धरूनच विचारा.

छप्पर उतरतं हवं. स्लॅब घालणारेही पुढे गळती लागली की वर पत्र्याची शेड करतात, म्हणजे खर्च दोनदा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात हजारो घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. तेव्हा पत्रा पक्क्या हुकांनी आवळून घ्या. पावसाची झड पश्चिमेकडून येते. त्या अंगाला पडवी किंवा निदान अडीच फूट पुढे आलेली पाखं ठेवा. आणि ती पडवी घरधन्याच्या आरामखुर्चीने अडवू देऊ नका. चार महिने कपडे वाळवायला दुसरी जागा नसते! संडासाची टाकी विहिरीपासून पन्नास फूट तरी दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावी. पूर येणाऱ्या गावात पोटमाळा हवाच. धान्य आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तिथे ठेवता येतात.

नाव कोणाचं?

हा प्रश्न पुष्कळजणी विचारायला संकोचतात. “ह्यांच्या नावावर काय, माझ्या नावावर काय, एकच की!” असं आपण म्हणतो. पण बांगड्या तुमच्या मोडल्या असतील, पोस्टातले पैसे तुमचे निघाले असतील, तर खरेदीखतावर दोघांची नावं असावीत. पुढे एखादा जड प्रसंग आला तरी तुमचा वाटा तुमच्याच नावावर राहतो. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीतही पतीबरोबर पत्नीचं नाव लावून घ्या. मात्र तो उतारा घरपट्टीपुरता, त्याने मालकी ठरत नाही. मालकीसाठी खरेदीखतच हवं. हे बोलणं विसार देण्याआधी, घरातल्या घरात, शांतपणे व्हावं.

“आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, उद्या भाव वाढेल,” असं म्हणत कोणी घाई करू लागलं, तर हसून सांगावं, “पाऊस पडू द्या भाऊ, मग बोलू.” एखादी जागा हातची जाईल. जाऊ दे. जी पावसात पाहिली, वैशाखात पाहिली आणि कागदावर वाचली, तिच्यावर बांधलेल्या घरात आषाढातल्या रात्री पागोळ्यांचा आवाज ऐकत निवांत झोप तरी लागेल.