शिडीची मधली पायरी

पाश्चात्य समाजशास्त्रज्ञ विषमता मोजताना लोकांपुढे दहा पायऱ्यांची एक शिडी ठेवतात. वरच्या पायरीवर समाजातील सर्वांत वरचे, तळाशी सर्वांत खालचे. आपण कोठे, एवढेच सांगावयाचे. अनेक देशांत मिळून होणाऱ्या एका पाहणीत विषमतेविषयीचे प्रश्न १९८७ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा विचारले गेले. बहुतेक देशांत आढळले ते असे, की सधन व निर्धन दोघेही स्वतःला मधल्या पायऱ्यांवर बसवितात. माणूस आपली तुलना देशाशी करीत नाही; आपल्या आळीशी करतो. २००९ च्या उत्तरांवरून दिसले, की अमेरिकन लोकांच्या अंदाजाने बड्या कंपनीचा प्रमुख अकुशल कामगाराच्या सुमारे ३० पट मिळवितो. प्रत्यक्षात तो मिळवीत होता ३५४ पट!

‘हे तिकडचे झाले,’ असे म्हणण्याची सोय आपणा बडोदेकरांस नाही. आपल्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे प्रा. आय. पी. देसाई पुढे सुरतेस गेले व १९६९ मध्ये त्यांनी तेथे संशोधनसंस्था उभारली. गुजरातमधील ६९ खेड्यांत त्यांनी अस्पृश्यतेची पाहणी केली. शाळेतील बसण्यात व टपालात ती बरीच ओसरली होती. घराच्या उंबरठ्यावर मात्र ठाण मांडून होती.

हे सर्व वाचलेले असतानाच परवा सुरतेजवळच्या, आता शहरातच सामावलेल्या बमरोलीस जाण्याचा योग आला. तेथे यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो. धुळ्याकडून आलेल्या एका माग-कामगाराशी चहाच्या टपरीवर ओळख झाली. बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या मीटरवर. मी कागदावर शिडी काढून दिली. त्याने पाचव्या पायरीवर बोट ठेवले. म्हणाला, “गावी भाऊ कोरडवाहू जमिनीत राबतो. इथे ओडिशाची पोरं एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. माझी भाड्याची का होईना, पण बायकापोरांसह वेगळी खोली आहे.” मग त्याने माझी पायरी विचारली. वाडवडिलांचे घर आणि निवृत्तिवेतन असलेला मी म्हणालो, “सहावी.”

“म्हणजे काका, आपण शेजारीच की!” तो हसून म्हणाला.

निरोप घेताना त्याने सहज विचारले, मुलीला बडोद्यास कॉलेजात घालावयाचे आहे, एखादी खोली मिळेल का? माझ्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. तरीही माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “आडनाव काय?”

त्याने आडनाव सांगितले; पण त्याचा चेहरा उतरला होता. मी ‘पाहतो’ म्हणालो आणि निघालो. शिडीवर एका पायरीचे दिसणारे अंतर उंबरठ्याशी केवढे झाले, हे मला परतीच्या गाडीत उमगले. आकड्यांत माणसाचे मत मोजता येते. पण मत आणि वागणूक ह्यांतील फट देसाईंप्रमाणे दारापाशी उभे राहूनच मोजावी लागते. आपल्या मंडळांतून ‘मराठी समाज’ म्हणताना भुसावळ-सुरत गाडीने उतरणारा हा खानदेशी माणूस आपण त्यात धरतो काय?

त्याचा दूरध्वनी क्रमांक मी घेतलेला आहे. वरची खोली झाडून ठेविली आहे. आता कळवावयाचे तेवढे माझ्याकडे राहिले आहे.