अठरा तासांचा अभिमान, आठ तासांचा हक्क

दरवर्षी एप्रिल महिन्यात महाराष्ट्रभर ग्रंथालयांतून, वसतिगृहांतून, विहारांतून सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुले-मुली पहाटे वाचायला बसतात ती मध्यरात्री उठतात. बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन ते कोणते? वर्षातून एक दिवस होणाऱ्या या उपक्रमाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु या अठरा तासांचा एक भलताच अर्थ आपल्या समाजात रुजत चालला आहे. जो झोपत नाही, वेळेवर जेवत नाही, दुखणे अंगावर काढतो तोच खरा कार्यकर्ता, अशी आपली समजूत झाली आहे. रात्री दहाला सुरू होणारी बैठक, मध्ये चार वेळा चहा, एकच्या सुमारास गाडीवरचा वडापाव, आणि सकाळी सातला पुन्हा नोकरीवर हजर. पंचेचाळिशीत रक्तदाब, पन्नाशीत मधुमेह, आणि मग शोकसभा. शोकसभेत आपण म्हणतो, ‘समाजासाठी झिजले’. घरी मागे राहिलेल्या बाईला विचारा, या झिजण्याचा हिशेब काय ते.

ज्यांच्या नावाने हे चालते, त्या बाबासाहेबांनी कष्टकऱ्यांसाठी काय मागितले होते? 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1934 च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तासांपर्यंत काम करून घेता येत असे. 1946 च्या दुरुस्तीने ते 48 तासांवर आले. त्याआधी 1945 मध्ये पगारी रजेची तरतूद झाली. त्यांच्याच कारकिर्दीत 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले, 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. स्वतः रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने कामगाराला मात्र झोपेचा, विश्रांतीचा आणि औषधाचा हक्क मिळवून देण्यासाठी कायदा राबविला. ते अठरा तास त्यांच्या निवडीचे होते, ते कोणावर लादण्यासाठी नव्हते. आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, पायांच्या वेदनांनी ते हैराण होते. 65 व्या वर्षी ते गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 मध्ये छापून आला, तो त्यांना पाहता आला नाही.

रविवारची सुट्टी ही इंग्रजांची देणगी आहे, असे आजही अनेक सुशिक्षित समजतात. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षे ही मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. आपल्या रविवारामागे कामगारांचा लढा आहे. तो रविवार आज किती जणांच्या वाट्याला येतो? कंत्राटी सफाई कामगाराला सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते. कागदावर सुट्टी आहे, पोटात नाही.

आता ताज्या घडामोडी पाहा. 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन 90 तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असेही म्हणाले. (साहेबांच्या घरी पाणी कोण भरते, हे कोणी विचारले नाही.) त्यानंतर 3 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तास करण्यास मान्यता दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची कमाल मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेण्याचेही ठरले. सरकार म्हणते, आठवड्याची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल. आम्ही वकिलीच्या धंद्यात अशा संमतीपत्रांचे गठ्ठे पाहिले आहेत. ज्याची नोकरी अकरा महिन्यांची, ज्याचा मुकादम गेटवर उभा, त्याची संमती म्हणजे काय, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

हा केवळ सोयी-गैरसोयीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्रितपणे जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्याला, 35 ते 40 तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. आता आपल्या वस्तीतल्या सुरक्षा रक्षकाचा हिशेब करा. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 72 तास. जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास वेगळे. दिवसाचे उरले नऊ. त्यात झोप, अंघोळ, जेवण, पाण्याची रांग, मुलांचा अभ्यास आणि आजारी आई. वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या त्याला सांगतात, सकाळी पाऊण तास चाला आणि ताजी फळे खा. कुठल्या सकाळी?

बाईचे तर याहून कठीण. चार घरची धुणीभांडी करून ती घरी येते तेव्हा तिची पाचवी पाळी सुरू होते. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तिने दिवसाला किती तास राबावे याची मर्यादा त्या कायद्याने घातलेली नाही. सगळ्यांचे झाल्यावर, उरलेसुरले, तेही उभ्याने खाणे हीच तिची सवय. घरातल्या पुरुषांनी ताट-वाटी घासली, मुलाने पाणी भरले, तर तिला अर्धा तास बसायला मिळेल. त्यासाठी कुठल्याही मंत्रिमंडळाच्या मान्यतेची गरज नाही.

व्यवस्थेचा दोष दाखवताना आपल्या हातातले आपण सोडून देतो, ही गोष्टही आम्हाला खटकते. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी तो आपल्या नाक्यावर मिळतो. विदर्भात खर्रा आहे, बायकांची मिश्री आहे. थकवा मारायला तंबाखू, भूक मारायला तंबाखू, झोप उडवायला तंबाखू. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी मागास वाटू लागली, आणि मुलांच्या डब्यात पाच रुपयांची पुडी आली. कार्यकर्त्यांच्या बैठका संध्याकाळी सातला सुरू करून नऊला संपवता येतात. भाषणे आखडती घेतली तर विचार कमी होत नाही.

कायद्याचेही तेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल आमचे आक्षेप अनेक आहेत. परंतु त्यातही दिवसाला आठ तास, आठवड्याला एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वे लिहिलेली आहेत, ती मागण्यासाठी पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक कामगाराने एक दोनशे पानी वही करावी. रोज कामावर गेल्याची आणि सुटल्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी मिळाली की नाही, हे आपल्या हाताने लिहावे. मालकाची हजेरी काहीही सांगो, रोजच्या रोज लिहिलेल्या वहीला न्यायालयात वजन असते. पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयची कपात होते का, तेही पाहावे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. त्या बदल्यात घरच्यांसह उपचार मिळतात, आणि अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. कपात होऊनही ज्यांनी कार्ड काढलेले नाही असे किती तरी बांधव आम्हाला भेटतात. दुखणे आले की ते व्याजाने पैसे काढतात.

6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आरोग्य शिबिरे असतात. लोक रांगेत उभे राहून साखर तपासून घेतात आणि चिठ्ठी खिशात घालून गावी जातात. पुढची तपासणी पुढच्या 6 डिसेंबरला. हे काम विहाराला महिन्यातून एकदा सहज करता येईल. रक्तदाब मोजण्याचे यंत्र फार महाग नाही, एका मिरवणुकीच्या डीजेच्या भाड्यात अशी अनेक यंत्रे येतात. वस्तीत परिचारिकेचे शिक्षण घेतलेली एखादी मुलगी असतेच. पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर तिने टेबल मांडून बसावे, विहार समितीने एका रजिस्टरात नोंद ठेवावी, आणि ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांना सोमवारी दवाखान्यात कोण घेऊन जाणार, ते नाव तिथेच लिहावे.